जखमी रुग्णांवर संशोधन कसे करावे: अपघात विभागातील नोंदीपासून प्रबंधापर्यंत

शल्यचिकित्सा, अस्थिरोग किंवा आपत्कालीन वैद्यक या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरला प्रबंधासाठी अपघाताचे रुग्ण हा सोपा विषय वाटतो, कारण या रुग्णांची आपल्याकडे वानवा नाही. २०२२ या एका वर्षात देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातली होती. लोकलमधून पडलेले, बांधकामावरून कोसळलेले आणि मारामारीत जखमी झालेले यांत धरलेलेच नाहीत. तरीही या रुग्णांवरचे बरेच प्रबंध कपाटात पडून राहतात. विषय चुकीचा असतो असे नाही. पहिल्या तासाभरात जे टिपायला हवे होते ते कोणी टिपलेले नसते आणि नंतर केस पेपर चाळून ते परत मिळत नाही. पुढील मार्गदर्शन वैद्यकीय महाविद्यालयातल्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या अशा डॉक्टरसाठी आहे, ज्याच्या हाताशी वेगळा निधी नाही, संशोधन सहायक नाही, मात्र दोन वर्षे आणि रोज भरणारा अपघात विभाग आहे.

एका रकान्याचे महत्त्व किती असू शकते ते आधी पाहू. रक्तस्राव होत असलेल्या जखमींना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवून धरणारे औषध) द्यावे की नाही, हे तपासणाऱ्या क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांतून २०,२११ रुग्ण घेतले गेले. २०१० साली निष्कर्ष आला, की दहा मिनिटांत एक ग्रॅम आणि पुढील आठ तासांत आणखी एक ग्रॅम औषध दिल्यास एकूण मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर येते. खरी कलाटणी पुढच्या वर्षीच्या विश्लेषणाने दिली. इजा झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ टक्क्यांऐवजी ५.३ टक्के होते, एक ते तीन तासांच्या दरम्यानही फायदा दिसत होता, आणि तीन तासांनंतर मात्र हेच औषध घेतलेल्यांत रक्तस्रावाचे मृत्यू ३.१ टक्क्यांऐवजी ४.४ टक्के, म्हणजे चक्क वाढलेले होते. आज जगभर पाळली जाणारी तीन तासांची मर्यादा हाती लागली, ती प्रत्येक रुग्णाच्या कागदावर ‘इजा होऊन किती वेळ झाला’ हा रकाना भरलेला होता म्हणून. आपल्या कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये रुग्ण आल्याची वेळ असते. इजा झाल्याची वेळ बहुधा नसते.

प्रश्न लहान करा

‘पॉलिट्रॉमा (एकाच वेळी अनेक गंभीर इजा झालेल्या) रुग्णांचा अभ्यास’ हे शीर्षक झाले, प्रश्न नव्हे. प्रश्नात रुग्ण कोण, मोजायचे काय आणि कोणत्या मुदतीत, हे तिन्ही असले पाहिजे. उदाहरणार्थ, ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीची पातळी ३ ते १५ गुणांत मोजणारे माप) १३ किंवा त्याहून कमी असलेल्या डोक्याच्या इजेच्या रुग्णाला दारात आल्यापासून सीटी स्कॅन होईपर्यंत किती वेळ लागतो आणि तो वेळ कुठे जातो? किंवा, सिस्टॉलिक (वरचा) रक्तदाब ९० पेक्षा कमी असलेल्या किती जखमींना तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड मिळाले आणि ज्यांना मिळाले नाही त्यांना का मिळाले नाही? असे प्रश्न दिसायला साधे असतात, पण त्यांची उत्तरे त्याच रुग्णालयात दुसऱ्या दिवसापासून कामी येतात.

दोन उपचारांची तुलना करून कोणत्याने मृत्यू कमी होतात ते पाहावे, असा मोह अनेकांना होतो. त्याआधी एक गणित करावे. मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले हे पाच टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असे वाटण्याची शक्यता) आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक असल्यास तो दिसण्याची शक्यता) धरून दाखवायचे, तर प्रत्येक गटात सुमारे ९०० रुग्ण लागतात. साठ रुग्णांच्या प्रबंधात ‘दोन्ही उपचारांत फरक आढळला नाही’ असे लिहिले जाते, तेव्हा फरक नव्हता असे सिद्ध होत नाही. तो दिसण्याइतके रुग्णच नव्हते. मोठ्या चाचण्यांची गरज खरी आहे. डोक्याच्या इजेत स्टिरॉइड देण्याची पद्धत कित्येक वर्षे रूढ होती आणि ती घातक असल्याचे कळायला क्रॅश या पहिल्या चाचणीतले दहा हजारांहून अधिक रुग्ण लागले. स्टिरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांतले मृत्यू २१.१ टक्के, न दिलेल्या गटात १७.९ टक्के. अशा चाचणीचे एक केंद्र होणे ही आपल्या रुग्णालयासाठी चांगलीच गोष्ट आहे, परंतु एकट्याने छोटी चाचणी उभी करण्यापेक्षा निर्दोष निरीक्षणात्मक नोंदवही उभी करणे अधिक मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

छेद कोणता, ते ठरवा

मृत्यूचे प्रमाण काढताना अंशाकडे सर्वांचे लक्ष असते आणि छेद मात्र कसातरी जमतो. सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. प्रबंधासाठी रुग्ण बहुतेक वेळा वॉर्डच्या इंडोर पेपरांतून, म्हणजे दाखल रुग्णांच्या केस पेपरांतून, घेतले जातात. परंतु जो जखमी कॅज्युअल्टीतच, दाखल होण्यापूर्वी दगावला, त्याचा इंडोर पेपर तयारच होत नाही. सर्वांत गंभीर रुग्ण अशा रीतीने अभ्यासातून गळतात आणि रुग्णालयाची कामगिरी आहे त्याहून चांगली दिसते. दुसरीकडे, मृतावस्थेत आणलेला देह आणि आणल्यावर नाडी लागत असूनही दहा मिनिटांत गेलेला रुग्ण यांची नोंद अनेकदा सारख्याच शब्दांत होते. या दोहोंतली सीमारेषा आधीच लिहून ठेवावी: आगमनाच्या क्षणी नाडी, श्वास किंवा ईसीजीवर हालचाल, यांपैकी काहीही असल्यास रुग्ण जिवंत आला असे धरावे, आणि ही व्याख्या मध्येच बदलू नये.

याच टप्प्यावर आणखी काही निर्णय घ्यावे लागतात. इजा होऊन किती तासांच्या आत आलेले रुग्ण घ्यायचे? दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेले घ्यायचे का? ते घेतले, तर पहिल्या रुग्णालयात पोहोचण्याआधी किंवा वाटेत गेलेले आपल्यापर्यंत आलेच नाहीत, हे लक्षात ठेवावे लागते; म्हणून थेट आलेले आणि पाठवलेले रुग्ण वेगवेगळे मोजावेत. वयोवृद्ध व्यक्तीचे घरात घसरून मोडलेले खुब्याचे हाड याच अभ्यासात घ्यावे की नाही? माझ्या मते वेगळे ठेवावे, कारण त्या रुग्णाच्या मृत्यूची कारणे वेगळी असतात. भाजलेले, बुडालेले, गळफास घेतलेले आणि विषबाधेचे रुग्ण यांविषयीही एकेक वाक्य हवे. नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन गेलेले, म्हणजे ज्यांना आपण ‘डामा’ म्हणतो ते रुग्ण, वगळण्याची चूक करू नये. शासकीय रुग्णालयातून असा रुग्ण बहुधा दोन कारणांनी जातो: खासगी रुग्णालयाचा खर्च पेलण्याची तयारी झाल्यामुळे, किंवा आता काही उपयोग नाही अशी समजूत झाल्यामुळे. दोघांचे भवितव्य एक नसते आणि दोघांनाही ‘बरे होऊन घरी’ असे धरणे चुकीचे आहे.

एका पानाचा फॉर्म

फॉर्म एका पानाहून मोठा झाला की रात्री दोन वाजता तो भरला जात नाही. त्यात वय, लिंग, इजेचा प्रकार, इजेची वेळ, पहिल्या उपचारांचे ठिकाण व वेळ, आपल्याकडे आल्याची वेळ, कोणत्या वाहनाने आणले, आगमनाच्या वेळची नाडी, रक्तदाब, श्वसनगती, प्राणवायूची पातळी, कोमा स्केल, सीटी व शस्त्रक्रियेच्या वेळा, पहिल्या २४ तासांतल्या रक्तपिशव्या आणि शेवट काय झाला, एवढे पुरते. इजेच्या वेळेसाठी रुग्णाला आणणाऱ्या माणसाला लगेच विचारावे. तो तासाभरात निघून जातो. १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो आणि त्याच्या कागदावरील वेळा आपल्या अंदाजापेक्षा भरवशाच्या असतात; त्या तिथल्या तिथे उतरवून घ्याव्यात. नेमकी वेळ कळत नसल्यास ‘अंदाजे’ अशी खूण करून लिहावी, रकाना कोरा सोडू नये.

श्वसनगतीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. कोणत्याही वॉर्डमधले पन्नास कागद काढून पाहिले तर श्वसनगती १८ किंवा २० अशीच दिसते. ती मोजलेली नसते, सवयीने लिहिलेली असते. रक्तदाबाचे आकडेही शून्याने संपण्याकडे झुकतात. म्हणून फॉर्मवर ‘पूर्ण ३० सेकंद मोजली का’ अशी वेगळी चौकट ठेवावी. कोमा स्केलचे डोळे, वाचा आणि हालचाल हे तीन भाग वेगवेगळे लिहावेत, केवळ बेरीज लिहू नये. नळी घातलेल्या रुग्णाच्या वाचेला १ गुण देऊन बेरीज केली की तो आहे त्यापेक्षा जास्त गंभीर ठरतो, आणि बेरीजच लिहिलेली असेल तर ही चूक नंतर सुधारताही येत नाही. हालचालीचा एकटा गुणही पुष्कळ काही सांगतो.

माहिती नसण्याचे तीन प्रकार असतात आणि त्यांना तीन वेगळे संकेत हवेत: मोजले पण लिहिले नाही, मोजलेच नाही, आणि मोजायचा प्रयत्न केला पण मिळाले नाही. तिसरा प्रकार ही स्वतःच एक वैद्यकीय खूण आहे. ज्याचा रक्तदाब लागतच नव्हता तो सर्वांत आजारी रुग्ण. संगणकावर तो रकाना रिकामा राहिला आणि नंतर ‘अपूर्ण नोंदी वगळल्या’ असे ठरले, तर जे रुग्ण अभ्यासायचे होते तेच बाहेर पडतात.

इजेची तीव्रता मोजणे

दोन रुग्णालयांची किंवा दोन वर्षांची तुलना तीव्रता मोजल्याखेरीज निरर्थक आहे. सुसान बेकर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेला इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर आजही सर्वाधिक वापरात आहे. प्रत्येक इजेला एआयएस या (एकेका इजेचे गांभीर्य ठरवणाऱ्या) मापाने १ ते ६ गुण द्यायचे, शरीराच्या ठरलेल्या सहा भागांपैकी सर्वांत जास्त इजा असलेले तीन भाग घ्यायचे आणि त्या तीन गुणांच्या वर्गांची बेरीज करायची. लोकलमधून पडलेल्या एखाद्या तरुणाच्या डोक्याच्या इजेला ४, छातीच्या इजेला ३ आणि मांडीच्या मोडलेल्या हाडाला ३ गुण असतील, तर १६ अधिक ९ अधिक ९, म्हणजे ३४. कमाल गुण ७५. कोणत्याही एका भागाला ६ गुण मिळाल्यास थेट ७५ धरतात. १५ च्या वर गेला की मोठी इजा, असा संकेत आहे. त्याच तरुणाची दोन्ही मांड्यांची हाडे मोडली असली तरी गुण ३४ च राहतात, कारण एका भागातली एकच इजा मोजली जाते. ही उणीव भरून काढणारे सुधारित माप १९९७ मध्ये आले, त्यात भाग न पाहता सर्वांत वाईट तीन इजा घेतात.

हे माप इजा सापडण्यावर अवलंबून असते, हे विसरून चालत नाही. जो रुग्ण सीटीपर्यंत पोहोचण्याआधीच गेला, त्याच्या पोटातली आणि छातीतली इजा नोंदलीच जात नाही आणि त्याचा स्कोअर कमी येतो. मग कमी स्कोअर असूनही रुग्ण दगावले असे विचित्र चित्र दिसते. अशा प्रत्येक रुग्णाचा शवविच्छेदन अहवाल मिळवून गुण पुन्हा द्यावेत. अपघाती मृत्यूत शवविच्छेदन होतेच, त्यामुळे या बाबतीत आपण अनेक देशांपेक्षा सुदैवी आहोत. मात्र तो कागद मिळवायला न्यायवैद्यक विभागाकडे खेपा घालाव्या लागतात.

सीटीची सोय चोवीस तास नसलेल्या रुग्णालयात शरीरक्रियेवर आधारलेली मापे अधिक उपयोगी पडतात. रिव्हाइज्ड ट्रॉमा स्कोअर कोमा स्केल, सिस्टॉलिक रक्तदाब आणि श्वसनगती या तिघांवर चालतो. श्वसनगती खोटी असेल तर त्याचे काय होते ते सांगायला नको. युगांडात अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयांसाठी तयार झालेला कंपाला ट्रॉमा स्कोअर आपल्या जिल्हा रुग्णालयांनी आवर्जून वापरून पाहावा. ट्रिस या पद्धतीने जगण्याची अपेक्षित शक्यता काढता येते, पण तिचे गुणांक अमेरिकी रुग्णांवरून बसवलेले आहेत. अपेक्षेपेक्षा आपले मृत्यू जास्त निघाले तर त्यात उपचारांचा दोष किती आणि सूत्राचा किती, हे वेगळे करता आले पाहिजे.

परवानगी आणि संमती

नैतिकता समितीची मान्यता मिळण्यापूर्वी एकही फॉर्म भरू नये. नाव-पत्ता काढून टाकलेल्या जुन्या नोंदींच्या अभ्यासासाठी समिती संमतीची अट शिथिल करू शकते. चालू रुग्णांबाबत प्रश्न अवघड होतो, कारण जखमी बेशुद्ध असतो, नातेवाईक वाटेत असतात आणि कित्येकदा रुग्णाची ओळखही पटलेली नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा तातडीच्या प्रसंगांचा विचार केलेला आहे. समितीने आधी मंजूर केले असेल तर संमती नंतर घेता येते, परंतु रुग्ण शुद्धीवर येताच किंवा नातेवाईक येताच ती मागावी लागते आणि त्यांनी नकार दिल्यास त्याचा मान राखावा लागतो. उपचारात हस्तक्षेप करणारा अभ्यास असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी हवी. मागाहून केलेली नोंदणी १ एप्रिल २०१८ पासून स्वीकारली जात नाही.

यातले बहुतेक रुग्ण एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी न्यायवैद्यक प्रकरणे, असतात. संशोधनाच्या फाइलमध्ये एमएलसी क्रमांक, पोलीस ठाणे किंवा वाहन क्रमांक उतरवू नयेत. रुग्णाला अभ्यास क्रमांक द्यावा आणि दोन क्रमांकांची जोडणी करणारी यादी वेगळ्या जागी, कुलुपात ठेवावी. मद्याच्या अंमलाची नोंद करायची असल्यास अधिक जपावे, कारण तिच्यावर विम्याची भरपाई अवलंबून असू शकते.

रोजचे काम

भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवणाऱ्या ‘टिटको’ या प्रकल्पात २०१३ ते २०१५ या काळात मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील सार्वजनिक रुग्णालयांतून सुमारे सोळा हजार जखमींची माहिती जमा झाली. मुंबईतले केईएम आणि शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यात होते. माहिती घेणारे सहायक सकाळ, दुपार आणि रात्र अशा पाळ्या बदलून प्रत्यक्ष हजर राहत आणि उरलेल्या वेळेतले रुग्ण कागदपत्रांवरून घेत. एकट्या निवासी डॉक्टरनेही हाच मार्ग धरावा. फक्त स्वतःच्या ड्युटीचे रुग्ण घेतले तर आठवड्याच्या ठरावीक दिवसांचाच अभ्यास होतो. आठवड्यातून एकदा कॅज्युअल्टी, शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, रक्तपेढी आणि शवागार या पाचही ठिकाणची रजिस्टरे आपल्या यादीशी ताडून पाहावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण सुटलेले रुग्ण इथेच सापडतात. घरी गेलेल्यांना तिसाव्या दिवशी फोन करावा. त्यासाठी रुग्णाचा आणि एका नातेवाइकाचा, असे दोन क्रमांक संमती घेतानाच घ्यावेत.

विश्लेषणातील सापळे

मोठ्या रक्तस्रावात प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आणि लाल पेशी सारख्या प्रमाणात मिळालेले रुग्ण अधिक जगतात, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसले होते. अडचण अशी, की लाल पेशी लगेच मिळतात आणि गोठवून ठेवलेला प्लाझ्मा वितळवायला वेळ लागतो. जो रुग्ण पहिल्या तासात गेला त्याला प्लाझ्मा मिळालाच नाही. म्हणजे प्लाझ्मा मिळाला म्हणून रुग्ण जगला, की जगला म्हणून प्लाझ्मा मिळाला, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. २०१५ च्या प्रॉपर या ६८० रुग्णांच्या चाचणीत यादृच्छिक गट पाडले तेव्हा २४ तासांतल्या आणि तीस दिवसांतल्या एकूण मृत्यूंत संख्याशास्त्रीय फरक आला नाही, रक्तस्रावाने झालेले पहिल्या दिवसाचे मृत्यू मात्र कमी होते. आपल्या नोंदवहीत काळावर अवलंबून असलेला कोणताही उपचार तपासताना हाच सापळा असतो. उलटा प्रकारही घडतो: ज्यांना लवकर शस्त्रक्रियागृहात नेले ते अधिक दगावतात, कारण सर्वांत अत्यवस्थ रुग्णालाच आधी नेले जाते. तीव्रतेनुसार गट पाडल्याशिवाय अशा तक्त्यावरून निष्कर्ष काढू नये.

परदेशी निष्कर्ष उचलतानाही रुग्ण कोण होते ते पाहावे. रक्तस्राव थांबेपर्यंत सलाइन रोखून धरल्यास जगण्याचे प्रमाण ६२ वरून ७० टक्के होते, हा १९९४ चा गाजलेला निष्कर्ष ह्यूस्टन शहरातला, धडावर भेदक जखमा झालेल्या रुग्णांवरचा आहे. आपल्याकडे बहुतांश इजा बोथट आघाताच्या असतात आणि डोक्याला मार लागलेला असतो. अशा रुग्णाचा रक्तदाब मुद्दाम कमी ठेवणे मेंदूला महागात पडते.

बहुचल विश्लेषण (अनेक घटकांचा परिणाम एकत्र तपासणे) करायचे असल्यास प्रत्येक घटकामागे किमान दहा मृत्यू असावेत, हा जुना ठोकताळा प्रबंधापुरता चालतो. आठ घटक आणि २० टक्के मृत्यू असतील तर निदान ४०० रुग्ण हवेत. तितके नसतील तर घटक कमी करावेत, आणि कोणते ठेवायचे ते माहिती पाहण्यापूर्वी ठरवावे.

लेखन आणि पुढे

निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब ही तपासणी सूची समोर ठेवून लिहावे. पहिली आकृती रुग्णांच्या प्रवाहाची असावी: किती आले, किती निकषांत बसले, किती सुटले, किती डामा, किती पाठवले गेले. मृत्यूंपैकी टाळता येण्याजोगे कोणते होते हे ठरवण्यासाठी शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ यांची बैठक महिन्यातून एकदा घ्यावी आणि त्या रुग्णांवर उपचार केलेल्या पथकाची नावे झाकून कागद समोर ठेवावेत. नावे दिसली की चर्चा भरकटते. प्रबंध सादर झाल्यावर कोरा फॉर्म, संकेतांची यादी आणि व्याख्यांचे पान विभागात ठेवून पुढील तुकडीतल्या एका कनिष्ठ निवासी डॉक्टरला महिनाभर सोबत घेऊन ते भरायला शिकवावे, म्हणजे तिसऱ्या वर्षी त्याच विभागात त्याच व्याख्यांनी मोजलेले काही हजार रुग्ण जमा होतील आणि आज ज्या प्रश्नांना रुग्णसंख्या पुरत नाही ते तेव्हा हाती घेता येतील.